शिपायाच्या डोक्यावर दिवाणाचा टोप

क्योतो, २२ जानेवारी १९५७

श्री. उमेकिची यांस,

पत्राची सुरुवात हवापाण्याने करायची आपल्याकडे रीत आहे. हवा थंड आहे. पाणी सकाळी नळात गोठलं होतं. झाली रीत.

तुम्ही घर सोडून गेलात त्याला आज आठ दिवस झाले. शेजारणींना मी सांगितलंय की इने गावच्या थोरल्या वन्संची कंबर धरली आहे आणि तुम्ही त्यांची जाळी सांधायला गेला आहात. हे पत्र तुमच्या आधी वन्संच उघडणार, तेव्हा इथेच सांगून टाकते. वन्सं, नमस्कार. तुमची कंबर धरली आहे. क्योतोचं कुणी भेटलं तर जरा वाकून चाला.

स्टुडिओत मोठ्या खोलीतली तुमची जागा रिकामी आहे. म्हणजे पाच दिवस होती. सहाव्या दिवशी तुमचा जिवलग मित्र गोन्दा तिथे येऊन बसला. म्हणतो, वहिनी, तात्पुरता बसलोय, जागा गरम राहावी म्हणून. दारापासून शेगडीजवळच्या तिसऱ्या चटईपर्यंत पोचायला तुम्हाला सव्वीस वर्षं लागली. गोन्दाला पाच दिवस लागले. साठ माणसं त्या खोलीत बसतात, रोज तलवारीने मरतात आणि शेगडीसाठी जगतात.

तुम्ही का गेलात ते आपल्या दोघांना माहीत आहे, पण वन्संना तुम्ही काही सांगितलं नसणार. तुम्ही तोंड उघडायचे पैसे कंपनीने कधी दिले नाहीत, त्यामुळे ती सवयच राहिली नाही. तेव्हा वन्सं, आता तुम्हीच वाचा.

तुमचा भाऊ सिनेमात मरतो हे तुम्हाला ठाऊक आहे. कसा मरतो ते तुम्ही पाहिलेलं नाही, कारण दिसतच नाही. मरणाऱ्याने कॅमेऱ्याकडे पाठ करून पडायचं असतं. मारणाऱ्याचा चेहरा दिसला पाहिजे. आमचे मारणारे म्हणजे शिरानुई रान्जुरो सेन्सेइ, सात पिढ्यांचं नाटकाचं घराणं, वय अठ्ठावन्न, आणि या सिनेमात पंचवीस वर्षांच्या गरीब शिपायाचं काम. धन्यावर अन्याय होतो म्हणून हा शिपाई एकटा किल्ल्यावर चालून जातो आणि दारातल्या तीस शिपायांना कापतो. तीस शिपाई म्हणजे प्रत्यक्षात दहा. मेलेला उठतो, कॅमेऱ्यामागून फिरून येतो, कमरपट्टा बदलतो आणि परत मरतो. मागे किल्ल्याचं दार जळत असतं. दोन महिने सुतारांनी बांधलेलं दार, आणि ते खरंच जाळलं.

चार दिवसांनी फिल्म धुऊन आली आणि सगळे बघायला बसलो. शिपायांच्या गर्दीत एक दिवाण उभा होता.

वन्सं, तुम्ही मासे ओळखता तसे आम्ही टोपांच्या खोलीत काम करणारे केस ओळखतो. शिपायाची शेंडी उंदराच्या शेपटीएवढी. दिवाणाची जाड, तेल घातलेली, नीट मध्यावर बसवलेली. तुमच्या भावाच्या डोक्यावर दिवाणाच्या केसांचा टोप होता. आणि रान्जुरो सेन्सेइंनी राज्याच्या दिवाणाला, त्याच्याकडे न बघता, एका घावात मारून टाकलं होतं. क्योतोतली म्हातारी मंडळी तिकीट काढतात ती अशी चूक पकडायलाच. आणि परत चित्रीकरण करायचं तर दाराची राख झालेली.

टोप कुणी दिला, असं विचारलं गेलं. मोठ्या खोलीतल्या माणसाने टोपाला हात लावायचा नसतो, फक्त डोकं पुढे करायचं असतं. तुमचे भाऊ पुढे झाले, फरशीवर कपाळ टेकवलं आणि म्हणाले की घाईत मीच मोठ्या नटांच्या फळीवरून उचलला, बायको तेव्हा खोलीत नव्हती. आमच्याकडे याला चोरी म्हणतात. दुसऱ्या दिवसापासून त्यांना बोलावणं बंद झालं.

त्या संध्याकाळी मी घरी एक वाक्य बोलले आणि ते निघून गेले. मी म्हणाले होते, सिनेमातली निष्ठा घरी आणत जाऊ नका, चपला दाराबाहेर काढता तशी तीही काढून येत जा.

वाक्य चांगलं जमलं होतं. तुम्ही थांबला असता तर पुढचंही बोलले असते.

हिसानो

ता. क. दुसऱ्या जोडीचे मोजे विसरलात. पाठवत नाही. पाय गारठले की या.


क्योतो, ३१ जानेवारी

अहो,

हे पत्र उभ्याने वाचू नका, बसून घ्या.

काल दुपारी दिग्दर्शक कुझे टोपांच्या खोलीत धावत आले. बाहेरच्या चपला घालून चटईवर. भूकंपात सुद्धा मी कुणाला असं आलेलं पाहिलं नाही. आमचे म्हातारे मात्सुओका हातातला कंगवा खाली ठेवून त्या चपलांकडे बघत बसले. कुझेंना पत्ताच नव्हता. आठ दिवस हा माणूस जेवला नव्हता, नुसता अंधारात बसून जळणारं दार आणि तुम्ही, एवढंच परत परत बघत होता.

म्हणाले, वहिनी, तो दिवाण चुकून तिथे आलेला नाही, तो मुद्दाम आलाय.

माझ्या हातातून तेलाची बाटली पडली. पुढचं ऐकल्यावर जीव भांड्यात पडला. ते सिनेमातल्या दिवाणाबद्दल बोलत होते.

कुझेंच्या डोक्यातली गोष्ट आता अशी आहे. दिवाणाला माहीत आहे की आपल्याच दरबाराने अन्याय केलाय. उघड बोलायची सोय नाही. म्हणून लढाईच्या आदल्या दिवशी तो त्या गरीब शिपायाला वाड्यावर बोलावतो. शिपाई खाली डोकं टेकवतो. दिवाण म्हणतो, "डोकं वर कर." मग शिपायाच्या समोर स्वतःची रेशमी वस्त्रं उतरवतो आणि साध्या शिपायाचं चिलखत चढवतो. उद्या मी दारात माझ्या माणसांबरोबर उभा असेन, तू माझ्याकडे बघू नकोस, असा त्याचा अर्थ. रान्जुरो सेन्सेइ तुमच्याकडे बघायला विसरले होते, त्याचं आता वचन झालंय. याला म्हणतात कला. आम्ही स्वयंपाकघरात करपलेल्या भाताला खमंग म्हणतो तेव्हा मात्र कुणी टाळ्या वाजवत नाही.

आता नीट ऐका. या प्रसंगाला दिवाण लागणार आणि तो तुम्हीच असायला हवा, कारण दारात चेहरा तुमचा आहे. पाठ करून पडायचं होतं, पण आगीची झळ लागली म्हणून तुम्ही वळलात, आणि ज्वाळांच्या उजेडात दोन श्वासांएवढा वेळ तुमचं तोंड पडदाभर दिसतं. मी पाहिलंय. तीनदा पाहिलंय. मिशी जरा कातरायला हवी होती.

तुम्हाला बोलायला एक ओळ आहे. सव्वीस वर्षांत "आ" सोडून पहिली.

एक अडचण आहे. दिवाण वरच्या आसनावर बसणार आणि शिपाई खाली. म्हणजे मोठ्या खोलीतला उमेकिची वर, आणि सातव्या पिढीचे रान्जुरो खाली कपाळ टेकवून. सेन्सेइंना निरोप गेला. त्यांनी शांतपणे चहा संपवला आणि म्हणाले, मी दिवाणाला नमस्कार करीन, चोराला नाही. आधी त्या माणसाने अंगणात सगळ्या खात्यांसमोर हात टेकून माफी मागावी, मग बघू.

चित्रीकरण पंचवीस फेब्रुवारीला आहे. वीस तारखेपर्यंत तुमचं उत्तर नाही आलं तर दिवाणाचं काम एका नाव असलेल्या नटाला देणार आणि दारातले तुमचे ते दोन श्वास कापून टाकणार. कुझे हे सांगताना रडले. पण कापतील.

तेव्हा या आणि माफी मागून टाका. एकदा टेकलंय, आणखी एकदा टेका. तुमच्या कपाळाला सवय आहे, फरशीलाही आहे. अर्ध्या मिनिटाचं काम, आणि मग तुम्ही दिवाण.

हिसानो

ता. क. गोन्दा रोज मला विचारतो की तू त्याला नीट लिहिलंस ना. तुमच्या जागेवर बसूनच विचारतो.


क्योतो, ८ फेब्रुवारी

अहो,

पुडकं मिळालं. सुकवलेली मासळी, सुतळीला तुमच्या नेहमीच्या तीन गाठी. चिठ्ठी नाही. मी पोट फाडून पाहिलं, माशाचं, तिथेही नव्हती.

वन्संचं कार्ड मात्र आलं. त्यांनी लिहिलंय की तुम्ही दिवसभर होड्यांच्या घरात बसून जाळी सांधता, पत्रं वाचता, घडी करून खिशात ठेवता आणि बोलत नाही. एकदाच बोललात. जेवताना म्हणालात, "न केलेल्या गोष्टीची माफी एकदा मागितली ती घरासाठी. दुसऱ्यांदा मागायची ती कामासाठी होईल, आणि ती चोरीच होईल." आणि मग लोणच्याचा मुळा मागितलात.

वन्संनी खाली एक ओळ स्वतःची लिहिली आहे. "हिसानो, माझी कंबर कधीपर्यंत धरलेली ठेवायची?"

मी ते कार्ड पाण्याच्या घागरीमागे लपवून ठेवलं. घरात मी एकटी आहे. कुणापासून लपवलं कोण जाणे.

बरं. तर लिहिते. टोप तुम्ही उचलला नाही. मी दिला. हे तुम्हाला माहीत आहे, मला माहीत आहे, आता वन्संनाही माहीत झालं. तुम्ही पुढे होऊन कपाळ टेकवलंत तेव्हा मी तुमच्यापासून चार हातांवर उभी होते आणि माझ्या तोंडून शब्द फुटला नाही. त्याचं कारणही तुम्हाला माहीत आहे. मात्सुओका या वसंतात घरी बसणार आणि खिडकीजवळचं त्यांचं मुख्याचं स्टूल मला मिळणार, असं सगळे धरून चालले होते. पुरुषांच्या टोपांच्या खोलीत बाईचं स्टूल खिडकीशी. युद्धात पुरुष गेले म्हणून कंगवा हातात आला आणि ते परत आल्यावर कुणी काढून घ्यायला विसरलं, एवढाच माझा तिथला हक्क. मग त्या अमेरिकन साहेबांनी तलवारींच्या सिनेमांवर बंदी घातली. तुम्हाला खोटं मरायची मनाई झाली म्हणून आपण दोघं खरंच उपाशी मरायला लागलो, रताळी विकली, आणि तेव्हाही मी रात्री कंगवे तेलात पुसून ठेवत होते. तुम्ही ते सगळं पाहिलंय. म्हणूनच कपाळ टेकवलंत. आणि मी घरी येऊन तुम्हालाच टोमणा मारला, कारण दुसरं काही बोलायला गेले असते तर रडू आलं असतं, आणि टोमण्यात मी जास्त तयार आहे.

तेव्हा चूक माझी. त्या दिवशी दहा डोकी एका तासात करायची होती, घाईत हात दुसऱ्या फळीवर गेला.

हे शेवटचं वाक्य मी दोनदा वाचलं. पत्र इथेच थांबवते.

हिसानो


क्योतो, १६ फेब्रुवारी

अहो,

काल मी सांगून टाकलं. सगळं. आता क्रमाने लिहिते, मध्ये उठू नका.

मागच्या पत्रातलं ते घाईचं वाक्य खोटं होतं. तुम्हाला ते वाचतानाच कळलं असणार. टोपाच्या आत तांब्याचा साचा असतो आणि तो एकेका नटाच्या डोक्याच्या मापाने ठोकलेला असतो. दुसऱ्याच्या फळीवरचा टोप डोक्यावर एक तर डुगडुगतो नाहीतर चावतो. मोठ्या खोलीतल्या लोकांना कुणाचेही टोप मिळतात, म्हणून तुम्ही सगळे संध्याकाळी कानशिलं चोळत बसता. त्या दिवशी तुम्ही घरी येऊन म्हणालात, आज पहिल्यांदाच डोकं दुखलं नाही. मी ताटातल्या भाताकडे बघत राहिले. तुमच्या डोक्याचं माप मला झोपेतही येतं. डिसेंबरभर, सगळे घरी गेल्यावर, थोडं थोडं तांबं ठोकून मी तो टोप तुमच्यासाठी केला. मुद्दाम.

काल सकाळी आधी मात्सुओकांकडे गेले. त्यांच्यासमोर बसले आणि म्हणाले की मला काही सांगायचंय. ते एका डाकूचे केस विंचरत होते. मान वर न करता म्हणाले, "डिसेंबरभर हातोडीचा आवाज येत होता. मी बहिरा आहे असं मी कधी म्हटलं नाही." मी विचारलं, मग बोलला का नाहीत. तर म्हणाले की स्टूल मिळाल्यावर तू आपण होऊन बोलशील असं वाटलं होतं, तेव्हा बोलणं सोपं गेलं असतं. मग म्हणाले, साचा मात्र चांगला ठोकलायस. पंधरा वर्षांत त्यांनी माझ्या कामाला पहिल्यांदा चांगलं म्हटलं, आणि तेही कुठल्या दिवशी पाहा.

दुपारच्या सुट्टीत अंगणात गेले. रान्जुरो सेन्सेइ फाटक्या शिपायाच्या वेशात, गळ्याशी कागद खोचून, गरम शेवया खात होते. भोवती त्यांची माणसं, पलीकडे सुतार, दिवेवाले, मोठी खोली पूर्ण. मी जाऊन बसले आणि कपाळ टेकवलं. फरशी फार गार आहे हो. तुम्ही कधी सांगितलं नाहीत.

सांगितलं की टोप चोरलेला नाही, मी दिलाय, चुकून नाही, मुद्दाम, आणि माझा नवरा माझ्यासाठी खोटं बोललाय. सेन्सेइंच्या तोंडातून एक शेवई लोंबत होती, ती त्यांनी हळूच आत ओढली.

"का दिलास?"

आता इथे मी तयारी करून गेले होते. परंपरा, निष्ठा, क्षमा, सगळे शब्द ओळीने मांडून ठेवले होते. तोंडातून भलतंच बाहेर पडलं. म्हणाले, "सेन्सेइ, शिपाई एका सिनेमात पाचदा मरतो. दिवाण एकदाच मरतो. यांचे गुडघे गेलेत. आणि आपण सव्वीस वर्षं यांना मारताय, एकदा तरी आपण कुणाला मारतोय ते बघून मारावं, असं वाटलं."

मागे कुणीतरी श्वास आत घेतला. गोन्दाच असणार. मी म्हटलं, संपलं, आता कंगवा जाणार, स्टूल जाणार, उद्यापासून रताळी.

सेन्सेइंनी वाडगा खाली ठेवला. मग त्यांनी विचारलं, "पाठीवर घाव बसला की जो आधी डावा गुडघा टेकतो, मग खांदा, आणि पडताना माझ्या पायात कधी येत नाही. तो?"

मी म्हटलं, तोच.

"चेहरा मला माहीत नाही," ते म्हणाले. "पण तो मागे असला की मी तलवार मोकळी फिरवतो. बाकीचे असले की जपून फिरवावी लागते. गेला महिनाभर माझा खांदा आखडलाय, आणि हे सगळे म्हणताहेत की म्हातारपण."

मग त्यांनी गळ्याचा कागद काढला, तोंड पुसलं आणि कुझेंना बोलावून सांगितलं की तो चोर नाही, दिवाण वर बसेल, मी खाली बसेन. जाता जाता वळून म्हणाले, आसन मात्र पातळ ठेवा, फार उंच नको. सात पिढ्या एका दुपारी किती खाली येणार, थोडं तरी राखायला हवं.

माझं काय झालं ते आता. स्टूल गेलं. ते सुगिताला मिळालं, वय पंचवीस, काम करताना नाकातून शीळ घालतो. मला गर्दीच्या टोपांवर टाकलंय, भिकारी, शेतकरी, हमाल. तासाला तीस डोकी. एकही डोकं तक्रार करत नाही आणि कुठलीही शेंडी वाकडी बसली तरी शोभते. इतकं मोकळं काम मी आजवर केलेलं नाही. सकाळी गाणं म्हणत होते असं मला दोघांनी सांगितलं.

मोठ्या खोलीत आता मला बघून सगळे उठून उभे राहतात. अवघडल्यासारखं होतं. आज एकाने हळूच विचारलं, वहिनी, माझ्या डोक्याचं माप घ्याल का.

तेव्हा या. कुणापुढे माफी मागायची नाही, अंगणातली माझी मागून झाली. तुमच्याकडे मागायची राहिली आहे. ती मी टपालाने मागणार नाही. टपाल वन्सं उघडतात.

हिसानो


क्योतो, २६ फेब्रुवारी, सकाळ

अहो,

तुम्ही गल्लीतल्या स्नानगृहात गेला आहात. तुमची आंघोळ आणि तिथल्या म्हाताऱ्यांशी गप्पा मिळून तास तरी जातो, तेवढ्यात लिहून ठेवते. एका घरात राहून पत्र लिहायचं म्हणजे वेडेपणा आहे, पण तोंडाने सुरुवात केली की माझी गाडी टोमण्यावर जाते आणि आज ते नकोय.

एकोणीस तारखेला तुम्ही बसमधून उतरलात ते सरळ स्टुडिओत गेलात. मी तिसाव्या शेतकऱ्याला टोप चढवत होते. तुम्ही दारात उभे राहिलात, मासळीचा वास आधी आला. येऊन चटईवर बसलात आणि डोकं पुढे केलंत. मी माप घेतलं. घ्यायची गरज नव्हती. त्यानंतर सहा दिवस आपण मोजे, भात आणि गोन्दा या तीनच विषयांवर बोललो. गोन्दा स्वतःहून दाराजवळ जाऊन बसला होता, तुम्ही त्याला ओढून शेगडीशी आणलंत. आता तिसऱ्या चटईवर दोघं मावता, आणि चहा सांडला की भांडता.

कालचं लिहायचंय.

मी तिथे असणं नियमात बसत नव्हतं. मात्सुओकांनी मला तेलाची बाटली हातात देऊन उभं केलं, कुणी विचारलं तर दिवाणाचे केस सुटताहेत म्हण म्हणाले. तुम्ही आत आलात. राखी रेशीम, खांद्यावर ती उभी कडक पंखांसारखी वस्त्रं, डोक्यावर माझा टोप. चालत चालत वरच्या चटईपर्यंत गेलात आणि तिथे पाय अडखळला. सव्वीस वर्षांत तुम्ही त्या चटईवर फक्त मेलेले असताना होतात. कुझेंनी हळूच हात केला, बसा. बसलात.

रान्जुरो सेन्सेइ आले. खाली बसले, हात टेकवले, कपाळ टेकवलं. कॅमेरा चालू होता. तुम्ही ओळ म्हणायची होती.

म्हटली नाहीत.

कुझेंच्या ओठांवर ओळ आली होती, माझ्याही, सगळ्या दिवेवाल्यांच्या. डोकं वर कर, एवढंच. सेन्सेइ तसेच. दिवाण म्हणत नाही तोवर शिपायाने हलायचं नाही, हा नियम त्यांनीच सगळ्या क्योतोला शिकवलाय. सात पिढ्यांचं कपाळ चटईवर, आणि आमचा उमेकिची वरून बघतोय. राग नव्हता चेहऱ्यावर, घमेंड नव्हती, भीतीही नव्हती. पहिल्यांदाच मिळालेली चांगली गोष्ट माणूस हातात घेऊन उलटसुलट करून बघतो, तसे तुम्ही बघत होतात. मला हसू फुटलं. बाटली तोंडाशी धरली. बाजूला मात्सुओकांचे खांदे हलत होते.

मग तुम्ही म्हणालात, "डोकं वर कर." इतकं हळू, आजारी माणसाला उठवावं तसं. सेन्सेइ उठले तेव्हा त्यांच्या कपाळावर चटईची नक्षी उमटली होती आणि डोळे ओले होते. कुझेंनी थांबा म्हणायच्या ऐवजी नाक शिंकरलं.

नंतर सेन्सेइंनी तुम्हाला बाजूला घेऊन विचारलं, ओळ विसरलास का रे. तुम्ही म्हणालात, "नाही सेन्सेइ. घाई करावीशी वाटली नाही." सगळं अंगण ऐकत होतं. सेन्सेइ काय करतात इकडे डोळे लागले होते, तर हा माणूस पोट धरून हसायला लागला. म्हणाले, मी तुला मारायचो तेव्हा एवढा वेळ दिला असता तर सिनेमे दोन दिवस चालले असते. रात्रीपर्यंत सुतार एकमेकांना तेच सांगत होते.

मिसोचं सार उतरवून ठेवलंय. भात झालाय. वन्संची उरलेली मासळी भाजली आहे. आता मुद्द्याचं.

लग्नाला बावीस वर्षं झाली. दारात बसून तुम्हाला वाकून नमस्कार मी कधी केला नाही, आणि तुम्ही कधी विचारलं नाहीत. आज करणार आहे. त्या दिवशी चार हातांवर उभी राहून गप्प बसले, आणि घरी येऊन जे बोलले, त्या दोन्हींसाठी. तुम्ही दार सरकवाल तेव्हा मी कपाळ टेकवून बसलेली असेन. हे पत्र बाहेर, चपलांच्या फळीवर ठेवते, म्हणजे आत यायच्या आधी वाचाल आणि घाबरणार नाही.

तुमची ओळ लगेच म्हणू नका. थोडा वेळ घ्या. तेवढा तुमचा हक्क आहे.

फार नको. गुडघे माझेही गेलेत, आणि सार निवतंय.

हिसानो